पदवीनंतरचा इल्म

पदवी हातात पडली की शिक्षण संपलं, असं आपल्या घरांत सहज धरलं जातं. मुलीचं तर निकाह ठरला की पुस्तकं माळ्यावर जातात. कुंडलमध्ये आमच्या हाताखालून गेलेल्या मुली बी.एस्सी. होतात, तेव्हा आनंद होतो. पण दहा वर्षांनी त्यांच्याशी विज्ञानावर बोलणारं कुणी उरत नाही, याची खंत वाटते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम सुरू केला. रविवारी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये किंवा माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात लोक जमतात. संशोधक सोप्या भाषेत विषय मांडतात, कुणीही प्रश्न विचारावा. प्रवेश मोफत, परीक्षा नाही.

कुरआनात प्रेषितांनाही (स.) ज्ञान वाढावं म्हणून दुआ करायला शिकवलं आहे. मग आपल्या इल्मला पदवीची वेस कशासाठी?

आपल्याला मुंबई लांब पडते, पण कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे. तिथल्या प्राध्यापकांना महिन्यातून एका रविवारी गावात बोलवावं. त्यांनी आपल्या चालू संशोधनाबद्दल तासभर बोलावं. वेळ जुहर आणि असरच्या मधली ठेवावी, म्हणजे जेवणाचं आवरून सुना-लेकींनाही येता येईल. आईला नवं काही कळलं, तर पोरांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं घरातच मिळतील.

सतरंजी आणि चहा आमच्याकडे. इन्शाअल्लाह, माणसंही जमतील.