उदरांतील पाहुणी हवा

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या खाटेपाशीं वडील मंडळी जो पहिला प्रश्न विचारतात, तो "वारा सरला कां?" हा होय. प्रश्न जुना आहे आणि शहाणपणाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर आंतडीं कांहीं काळ निजल्यासारखीं स्वस्थ पडतात. वारा सरला म्हणजे तीं जागीं झालीं, असें समजावें. परंतु ह्या वाऱ्याखेरीज आणखी एक हवा रोग्याच्या पोटांत असते, आणि तिच्याविषयीं घरांत फारसें कोणी बोलत नाहीं. ती आंतड्यांच्या आंत नसून त्यांच्या बाहेर, उदराच्या पोकळींत मोकळी असते. तिला वर वाट नाहीं आणि खालींहि वाट नाहीं. ओंवा, हिंग, ऊन पाणी यांपैकीं कांहींहि तिच्यापर्यंत पोंचत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं अंबाजोगाईस आमच्या धाकट्या वहिनींचें पित्ताशय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें काढलें, तेव्हां ह्या हवेची आमच्या घरास ओळख झाली. अंबाजोगाई म्हटली कीं आपल्यापैकीं पुष्कळांस कुलस्वामिनी योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधि आठवते. परंतु बीड जिल्ह्यांतील लोकांस तें औषधोपचाराचेंहि गांव आहे, कारण स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय तेथेंच आहे. दुसऱ्या दिवशीं वहिनींच्या पोटास बराच आराम होता, पण उजवा खांदा असा ठणकूं लागला कीं हात उचलवेना. काकूंनीं उशी बदलली, वहिनींच्या थोरल्या जाऊबाईंनीं तेल चोळलें, आणि खाटेवरून हलवितांना हिसका बसला असावा, असें सर्वानुमतें ठरलें. खांद्याच्या ह्या दुखण्याचें मूळ पोटांत असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

खुलासा सर्जननीं केला. दुर्बिणीनें शस्त्रक्रिया करावयाची तर पोटाची भिंत आंतील अवयवांपासून दूर उचलली गेली पाहिजे; त्यासाठीं कार्बन डायऑक्साइड वायु आंत भरून पोट तंबूसारखें फुगवितात. हाच वायु घेण्याचें कारण असें कीं तो जळत नाहीं, रक्तांत चटकन विरतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. काम संपल्यावर तो काढून टाकतात, तरी थोडा मागें राहतो आणि वर चढून श्वासपटलास टोंचतो. श्वासपटलाची नाडी मानेंतून निघते, आणि खांद्याच्या संवेदनाहि मानेच्या त्याच भागांतून मेंदूकडे जातात. म्हणून दुखणें एकीकडचें असतां मेंदूस तें दुसरीकडचें वाटतें. वहिनींचा खांदा तिसऱ्या दिवशीं आपोआप उतरला.

पोटांत हवा भरून आंत डोकावण्याची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०१ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथील गेऑर्ग केलिंग यांनीं कुत्र्याच्या उदरांत गाळलेली हवा भरून दुर्बीण घातली. १९१० सालीं स्टॉकहोमच्या याकोबेयुस यांनीं माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. वायु भरण्याकरितां आजहि जी सुई वापरतात, ती हंगेरीच्या व्हेरेश यांची. १९३८ सालीं त्यांनीं तिची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हां ती क्षयरोग्यांच्या छातींत हवा भरण्यासाठीं होती. आपल्या देशांत दुर्बिणीनें पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया मुंबईंत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं केली.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेंत मात्र खोलींतीलच हवा आंत कोंडली जाते. तिच्यांतील मुख्य भाग नायट्रोजनचा. तो रक्तांत सावकाश विरतो. त्यामुळें ही हवा आठवडाभर, क्वचित् दोन आठवडे किंवा त्याहूनहि अधिक राहते, आणि स्थूल माणसापेक्षां कृश माणसाच्या पोटांत ती अधिक दिवस दिसते. रोग्यास उभें करून एक्स-रे काढला कीं यकृत व श्वासपटल यांच्या मध्यें ती काळ्या चंद्रकोरीसारखी उमटते.

आतां गोष्ट अशी कीं हीच चंद्रकोर शस्त्रक्रिया न झालेल्या माणसाच्या चित्रांत दिसली, तर सर्जन घाईनें शस्त्रक्रियेची तयारी करूं लागतात. कारण जठरव्रण फुटला असेल किंवा विषमज्वरानें आंतड्यास छिद्र पडलें असेल. शस्त्रक्रियेनंतर मात्र ती तिसऱ्या दिवशीं पाहुणी असते आणि दहाव्या दिवशीं, वाढत असेल तर, घरांत शिरलेला चोर. म्हणजे कोठेंतरी टांका सुटून आंतडें पाझरूं लागलें असण्याचा संभव. एका चित्रावरून पाहुणा कोणता व चोर कोणता हें ओळखतां येत नाहीं. हवा दिवसेंदिवस घटते कीं वाढते, आणि माणूस सुधारतो कीं खंगतो, हें पाहावें लागतें.

चवथ्या रात्रीं वहिनींस थोडा ताप आला. एक्स-रेमध्यें केसाएवढी काळी रेघ होती. ती पाहून आमच्या थोरल्या बंधूंचा चेहरा उतरला. सर्जननीं चित्र बाजूस ठेवलें, पोट दाबून पाहिलें आणि विचारलें, "कालच्यापेक्षां दुखणें कमी कीं अधिक? उलटी झाली कां? काय खाल्लें?" ह्या प्रश्नांचीं उत्तरें आम्हां पुरुषांपैकीं एकालाहि देतां आलीं नाहींत. तीं काकूंनीं दिलीं, तासांच्या हिशेबानें दिलीं. त्यांवरून, आणि पोट मऊ होतें व नाडी शांत होती म्हणून, नुसतें लक्ष ठेवावयाचें ठरलें. ताप घशाचा निघाला.

म्हणून प्रत्येक घरानें एवढें लक्षांत ठेवावें. शस्त्रक्रियेनंतर दुखणें उतरण्याऐवजीं चढूं लागलें, ताप आला, नाडी जलद झाली, पोट फुगलें किंवा फळीसारखें कठीण झालें, वांति होऊं लागली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. आणि आपल्या घरांतील स्त्रिया "बरें आहे" म्हणतात, तेव्हां त्या शब्दावर विसंबूं नये.

परंतु काकू सर्वांच्याच खाटेपाशीं नसतात, हें बीड जिल्ह्यांत राहणाऱ्यानें विसरतां कामा नये. दसरा झाला कीं येथील हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात. २०१९ सालीं शासनानें नेमलेल्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढें आलेल्या पाहणींत जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहांत सुमारें एक. त्यांतील किती शस्त्रक्रिया आवश्यक होत्या, हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याची चर्चा झाली आहे. मला त्याशेजारीं आणखी एक प्रश्न ठेवावासा वाटतो. जिला एका खाड्याचे पैसे द्यावे लागतात आणि जी फडाशेजारच्या कोपींत निजते, तिच्या पोटांतील हवा घटली कीं वाढली, हें कोणीं पाहावें? हवा शरीर आपली आपण विरवून टाकतें; पण ती विरेपर्यंतचे दिवस स्वस्थ पडून राहतां येणें, आणि ते मोजणारें माणूस उशाशीं असणें, हाहि उपचाराचाच भाग आहे. तो औषधांच्या दुकानांत विकत मिळत नाहीं.