आम्ही आणि आपण

परदेशी शिक्षण ही बडोद्याच्या मराठी घरांना नवलाची गोष्ट नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. त्याआधी, १९१० साली, अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. येथून माणसे विद्येसाठी बाहेर जावीत आणि बाहेरची माणसे विद्या घेऊन येथे यावीत, ही देवघेव या गावाच्या अंगवळणी पडलेली आहे. फरक इतकाच, की त्या काळी परदेशगमन म्हणजे वर्षानुवर्षांचा वियोग असे. आता केवळ एका सत्रापुरते जाऊन परत येता येते. सहा महिन्यांत काय शिकणार, असे पुष्कळांनी मला विचारले. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे २०२३ सालचे उन्हाळी सत्र घालवून मी परतले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा झाला. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. मी तेथे जे सर्वांत मोलाचे शिकले, तो मराठीतील एका सर्वनामाचा अर्थ होता.

हायडेलबर्गचे विद्यापीठ १३८६ साली स्थापन झाले. आजच्या जर्मनीतील ते सर्वांत जुने. नेकार नदीच्या काठी वसलेले गाव, डोंगरावर तांबड्या दगडाच्या किल्ल्याचे भग्नावशेष, नदीवर जुना कमानींचा पूल. हे चित्र मी जाण्यापूर्वीच पाहिलेले होते. चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी मात्र हळूहळू कळल्या. वेळापत्रकात दहाचा तास लिहिलेला असेल, तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. या पंधरा मिनिटांना तेथे शतकानुशतकांची परंपरा आहे. व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवीत नाहीत, बोटांच्या सांध्यांनी बाकावर ठकठक करतात. रविवारी दुकाने बंद असतात, आणि शनिवारी आणलेले दूध संपले तर सोमवारची वाट पाहावी लागते. पूर्ण सत्राच्या अभ्यासाला ३० श्रेयांक असतात, आणि एकेका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे श्रम गृहीत धरलेले असतात. वर्गात बसणे हा त्यातील लहानसा भाग. उरलेले तास ग्रंथालयात आणि स्वतःच्या टेबलाशी काढावे लागतात. ज्या घरांत मुलामुलींच्या जाण्याचा विचार चालू असेल, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगते. त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क लागू झाले. परंतु विद्यापीठांमधील करारातून जाणाऱ्यांना ते भरावे लागत नाही. मीही तशीच गेले होते.

दोन भाषांत राहण्याची भीती मला नव्हती. बडोद्यातील मराठी माणूस उंबरठ्याच्या आत एक भाषा बोलतो आणि उंबरठा ओलांडताच दुसरी. आमच्या घरी तर उंबरठ्याच्या आतही गुजराती केव्हाच येऊन बसली आहे. आजी खिडकीला ‘बारी’ म्हणते, आणि प्रवासाच्या शिदोरीत दशम्यांच्या जोडीला थेपले असतातच. तेव्हा तिसरी भाषा आली तर आली, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात एकटेपणा आला तो निराळ्याच वाटेने. तेथे मी केवळ ‘भारतीय’ होते. बडोद्यात जन्मभर ‘तुम्ही मराठी लोक’ असे ऐकलेले. ते शब्द कधी कौतुकाने आले, कधी थट्टेने, पण आपण कोण हे त्यांतून रोज ठरत असे. हायडेलबर्गला तसे म्हणणारे कोणीच नव्हते. वसतिगृहातील इतर भारतीय मुले आपसांत हिंदी वा इंग्रजी बोलत. पहिल्या तीन आठवड्यांत दूरध्वनीखेरीज माझ्या तोंडून मराठी शब्द निघाला नाही.

जर्मन विद्यापीठांतून ‘टँडेम’ नावाची एक साधी पद्धत आहे. दोन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून ठरलेल्या वेळी भेटायचे, अर्धा वेळ एकीच्या भाषेत बोलायचे आणि अर्धा वेळ दुसरीच्या. पैसा नाही, परीक्षा नाही. भाषाशास्त्र शिकणारी एक मुलगी माझ्या वाट्याला आली. हिंदी ती दोन वर्षे शिकली होती आणि आता तिला मराठी हवी होती. दर बुधवारी आम्ही भोजनगृहाच्या अंगणात बसत असू. तिसऱ्याच भेटीत तिने वही उघडून विचारले, “‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंचाही अर्थ जर्मनमध्ये ‘वीर’ असाच होतो. मग तुम्हांला दोन शब्द कशाला लागतात?”

मी तिला घरातले उदाहरण दिले. पाहुण्याला ‘आम्ही जेवायला बसतो’ असे म्हटले, तर पाहुण्याने निरोप घ्यावा. ‘आपण जेवायला बसू’ असे म्हटले, तर त्याने हातपाय धुऊन पाटावर यावे. ती हसली, पण थांबली नाही. हिंदीत हा भेद नाही, तेथे दोन्हींना ‘हम’. मग मराठीत तो कोठून आला? त्या आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून पुस्तके काढली. श्रोत्याला धरून आणि श्रोत्याला वगळून असे ‘आम्ही’चे दोन प्रकार द्राविडी भाषांत आहेत, आणि तेथूनच तो भेद मराठीत व गुजरातीत उतरला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेतच. ज्या दोन भाषांत मी वाढले, त्या दोघींनी एक जुने लेणे वाटून घेतले आहे, हे कळायला मला नेकारच्या काठी यावे लागले.

तिच्या मराठीच्या ओढीचे मूळही त्याच गावात होते. हायडेलबर्गमध्ये दक्षिण आशिया अभ्यासाची संस्था १९६२ साली स्थापन झाली, आणि गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या पंडिताने तेथे दीर्घकाळ काम केले. हिंदू कायद्याच्या अभ्यासाकडून हे गृहस्थ महाराष्ट्राच्या लोकदेवतांकडे वळले, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन राहिले आणि त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. माझ्या आजोळचे कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगा, तळी उचलताना ‘येळकोट येळकोट जय मल्हार’, एवढे मला लहानपणापासून ठाऊक होते. ‘येळकोट’मधील ‘येळ’ हा कानडीतील सात या अर्थाचा ‘एळु’ असल्याचे सांगतात, हे मात्र मी तेथे वाचले. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार होतो, तेलुगू मुलखात मल्लण्णा होतो. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. त्याचे भक्त अनेक जातींचे आणि अनेक भाषांचे. ज्याला आम्ही आमच्या घरचा देव म्हणून बडोद्याला आणले, तो मुळातच कोणा एका भाषेच्या कुंपणात राहिलेला नव्हता. सत्राअखेरीच्या निबंधासाठी मी हाच विषय घेतला.

त्याच दिवसांत घरून एक काळजी येऊन पोहोचली. माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा. शाळा इंग्रजी, मित्र गुजराती. आजीने मराठीत विचारले की तो गुजरातीत उत्तर देई. एके रात्री आजी फोनवर म्हणाली, “बाळ, याच्यानंतर या घरात मराठी कोण बोलणार गं?” तेथे संध्याकाळचे सात वाजले होते आणि घरी साडेदहा. बाहेर अजून लख्ख ऊन होते, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. आई त्याला दटावीत असे, ‘आम्ही मराठी आहोत, आमच्या घरात मराठीच बोलायचे.’ बडोद्यात, इंदुरात, बेळगावात किती घरांतून हे वाक्य रोज उच्चारले जात असेल! त्यामागची कळकळ खरी असते. पण बुधवारच्या त्या वहीमुळे मला या वाक्यातील ‘आम्ही’ प्रथमच ऐकू आला. त्या ‘आम्ही’त मुलगा नाही. तो समोर उभा आहे, श्रोता आहे, आणि व्याकरणाने त्याला बाहेर ठेवले आहे.

जुलैच्या उत्तरार्धात व्याख्याने संपली. शेवटच्या भेटीत माझ्या जर्मन मैत्रिणीने राखून ठेवलेला प्रश्न काढला. “‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि मी. मग मोठ्या माणसाला ‘आपण बसा’ म्हणतेस, तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ ‘तुम्ही’ कसा होतो?” तोवर व्युत्पत्ती माझ्या हाती लागली होती. संस्कृतातील ‘आत्मन्’, प्राकृतातील ‘अप्पाण’, आणि तेथून मराठीतील ‘आपण’. मूळ अर्थ ‘स्वतः’. मी तिला म्हटले, “ज्याला आदर द्यायचा, त्यालाही आम्ही स्वतःच्याच शब्दाने हाक मारतो.” तिने ते जर्मनमध्ये लिहून घेतले, आणि बाकावर हलकेच दोनदा ठकठक केले.

सप्टेंबरमध्ये निबंध देऊन मी परतले. भावाला मराठीचे महत्त्व सांगण्याच्या भरीस पडले नाही. सोन्थायमर महाशयांनी धनगरांच्या ओव्या मुद्रित केल्या त्याची हकीकत तेवढी सांगितली, आणि आजीला तिच्या आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर मुद्रित करण्याचे काम त्याच्याकडे दिले. यंत्राचे काम म्हणून तो बसला. पहिल्या दिवशी बारा ओव्या झाल्या. अर्थ लिहायचा तर शब्द विचारावे लागतात, आणि आजी शब्द मराठीतच सांगते. तो अजूनही गुजरातीत विचारतो. आजीही आता त्यावर रागावत नाही. गेल्या आठवड्यात वही संपली, तेव्हा तो आजीला म्हणाला, “आजी, आपण नवी वही आणू या.”