महामार्गावरची घोडी



छत्रपती संभाजीनगरहून बीडला जाताना गोदावरीच्या पुलाअलीकडे शहागड लागते. नदीच्या या तीरावर जालना जिल्हा आणि पलीकडे बीड. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे या भागातून चाऱ्याच्या शोधात जातात. पुढे मेंढ्या आणि मागे घोड्यांवर लादलेला सारा संसार. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी एखादे लहान मूलही! तुम्ही हे दृश्य पाहिले असेल.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अशाच एका वाड्यातील तांबड्या घोडीला मालमोटारीची धडक बसली. मी त्याच रस्त्याने येत होतो. घोडी कडेला पडली होती. "उभी करा, उभी करा!" असे कोणीतरी ओरडले. मीही धावलो. आम्ही चौघांनी दोर लावून तिला उठवले. तिने पुढचा उजवा पाय टेकवला आणि ती पुन्हा कोसळली. नळीचे मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले. तोवर ते आतच होते. ही चूक आमची होती. ती मी तुम्हांला मुद्दाम सांगतो आहे.

अशा वेळी काय करावे? आधी वाहने थांबवावीत, नाहीतर दुसरा अपघात होतो. जनावराला उठवू नये. त्याच्या पायांकडे उभे राहू नये. भ्यालेले घोडे लाथ मारते. मालकाने डोक्याशी बसून डोळ्यांवर कापड टाकावे व ओळखीच्या आवाजात बोलत राहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. पोलिसांसाठी ११२ आणि जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ हे क्रमांक पाठ असू द्या. आम्हांला त्या वेळी यातले काहीच सुचले नाही. अखेर कोणीतरी मोटारसायकलवर जाऊन डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी प्रथम वेदना कमी करण्याचे इंजेक्शन दिले. मग बॅटरीच्या उजेडात पाय तपासला. वाड्यातील म्हातारे मामा म्हणाले, "साहेब, पलस्तर करा. शेळीचा मोडका पाय कामट्या बांधून मी कितीदा बरा केलाय."

मलाही तसेच वाटत होते. डॉक्टर त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, "मामा, शेळी हलकी असते, तीन पायांवर निभावते. ही साडेतीनशे किलोंची आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतेच. हाड, शिरा आणि कातडी. तिथे रक्त कमी पोहोचते. हाड बाहेर येऊन मातीत गेले आहे. फार दिवस आडवे पडणे तिला सोसणार नाही. उभी राहिली तर सगळा भार चांगल्या पायावर येईल आणि त्याचा खूर आतून सुजून सुटू लागेल."

हे खरे असल्याचे मी पुढे वाचले. अमेरिकेतील बार्बारो हा शर्यतीचा नामांकित घोडा. २० मे २००६ रोजी शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. उत्तम शस्त्रक्रिया झाली, पैशाला तोटा नव्हता. तरीही दुसऱ्या पायांचे खूर बिघडले आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. आपल्याकडे डेहराडूनला मार्च २०१६ मध्ये शक्तिमान नावाच्या पोलिसांच्या घोड्याचा पाय मोडला. तो कापून कृत्रिम पाय लावला. पण २० एप्रिलला शक्तिमान गेला. प्रत्येक मोडलेला पाय असाध्य असतो असे मात्र नाही. शिंगरू हलके असेल, हाड कातडीच्या आतच राहिले असेल, तर आशा असते. म्हणून तर आमच्या त्या दोराची आठवण मला अजून छळते.

तोवर फौजदार आले होते. गर्दीतून कोणी म्हणाले, "गोळी घाला आणि रस्ता मोकळा करा." फौजदारांनी त्याला गप्प केले. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. मालक हजर नसेल किंवा तयार नसेल, तर पोलीस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावतो. जनावर जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, असा दाखला डॉक्टरांनी दिला, तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन त्याचा अंत करता येतो. इथे मालक समोरच होता. त्याला विचारायलाच हवे होते.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. डॉक्टरांनीही घाई केली नाही. इंजेक्शनामुळे घोडी शांत होती. मग मामांनी विचारले, "तिला कळंल का?"

"नाही. झोप लागेल, एवढंच."

मामांनी मान हलवली. त्यांच्या नातीने घोडीच्या गळ्यातली घुंगरांची माळ सोडून घेतली. डॉक्टरांनी भुलीच्या औषधाची मोठी मात्रा मानेच्या शिरेत दिली. थोड्या वेळाने छातीला नळी लावून, डोळ्याला बोट लावून त्यांनी खात्री केली.

रात्री खोल खड्डा खणून तिला पुरले. औषध अंगात भिनलेले असते. ते मांस खाऊन कुत्री व गिधाडे मरतात, म्हणून उघड्यावर टाकायचे नसते. घोडीवरचे ओझे वाड्यातील इतर घोड्यांवर वाटले गेले. उरलेली दोन पातेली नातीने डोक्यावर घेतली आणि मेंढरे पुलाकडे निघाली.