सलाईनच्या बाटलीत रक्त नसतं

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव कापसाचं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे अंगातला जोर कमी झाला की आधी पैशात दिसतो. गेल्या हंगामात सोबतच्या बाया पार पुढे गेलेल्या असायच्या आणि मी धुऱ्यावर धापा टाकत बसलेली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. कच्चे तांदूळ चघळावेसे वाटायचे, ते मात्र मी लपूनच खायची.

घरचे म्हणाले, सलाईन लावून घे. आमच्याकडे अशक्तपणावर हाच इलाज. एका खासगी दवाखान्यात बाटली चढवली, वरून ताकदीचं पिवळं इंजेक्शन. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. वेचणीचे पैसे तिथेच गेले आणि रक्त तपासू असं कोणी म्हटलं नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये 4.5 ग्रॅम मीठ असतं, ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. हगवण-उलटीत त्या बाटलीने जीव वाचतो, पण तिने रक्त वाढत नाही.

एक दिवस आशाताई घरी आल्या. "काकू, डोये दाखवा बरं. आतून पांढरेफटक झाले न तुमचे!" त्यांनीच आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन 8.1 निघालं. बाईचं 12 तरी हवं. विदर्भात सिकलसेल बरंच आहे, म्हणून तीही तपासणी झाली. यवतमाळहून पक्का रिपोर्ट आला: मी वाहक. त्या रात्री झोप लागली नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वाहकाला सहसा त्रास होत नाही, तुमचा थकवा लोह कमी असल्याचा आहे. मात्र नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. माझ्या मुलीची तपासणी आता लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधीच करणार.

मग मॅडमनी विचारलं, "पाळीत अंगावरून किती जातं?" आठ-आठ दिवस जात होतं. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. तिचं औषध सुरू झालं आणि सोबत लोहाच्या गोळ्या.

गोळ्यांनी पोट जड व्हायचं, शौचाला काळी व्हायची. काळी होणारच, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर गोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या. जेवणावर लगेच चहा प्यायची सवय मोडली, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत घेते. अंबाडी, तरोटा घरात होताच, आता त्यावर लिंबू पिळते. सवय मोडायला गोळ्यांपेक्षा जास्त त्रास झाला, खरं सांगते.

आता हिमोग्लोबिन 11.4 आहे. 12 झाल्यावरही तीन महिने गोळ्या घ्यायच्या आहेत.

बायांनो, थकवा हटत नसेल तर बाटली लावण्याआधी रक्त तपासा. आणि पाळी किती दिवस चालते ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा.