कुंडलिकेवरील एक दिवस

सकाळी नदी, दोन प्रहरी जेवण आणि सायंकाळी समुद्र, असा एकाच दिवसाचा त्रिस्थळी प्रवास हल्ली पुण्यामुंबईच्या तरुण मंडळींत बराच रूढ झाला आहे. प्रवास म्हणजे क्षेत्राचे ठिकाण, धर्मशाळा आणि परतीची गाडी, एवढीच व्याख्या ज्यांच्या अंगवळणी पडली त्या आमच्या वयाच्या माणसांस यात काय गोडी असावी, असा प्रश्न कोणीही करील. गेल्या पौषात आमचे जावईबापू, कन्या आणि पंधरा वर्षांचा नातू यांनी कोलाडचा बेत काढला, तेव्हा आमच्या सौ.नी तत्काळ रुकार दिला. आम्हीही दिला, पण त्याचे कारण निराळे होते. कोलाडजवळ कुंडलिकेत जे पाणी वाहते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आमची इच्छा फार दिवसांची होती.

पाण्यात पाहण्यासारखे काय असते, असे वाचक म्हणतील. म्हणून थोडा भूगोल सांगणे प्राप्त आहे. शाळामास्तराच्या लेखात तो टळतही नाही. कुंडलिका ही सह्याद्रीच्या कुशीत भिऱ्याच्या बाजूस उगम पावून, रोह्यावरून रेवदंड्यास जाऊन अरबी समुद्राला मिळणारी लहानशी नदी. कोकणच्या नद्यांचा स्वभाव सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून जावयाचे आणि फाल्गुन-चैत्र आला की गोट्यांवर पडून राहावयाचे. मग या एका नदीत भर उन्हाळ्यातही रबरी तराफे खेळविण्याइतके पाणी येते कोठून? ते येते घाटावरून. मुळशीस मुळा नदीवर धरण आहे. त्या धरणाचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेकडे काढले आहे आणि लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले आहे. तेथे ते चक्रे फिरविते, मुंबईस वीज देते आणि काम संपले की कुंडलिकेच्या पात्रात येऊन पडते.

म्हणजे असे की, जे पाणी मुळेतून पुण्यास यावयाचे, संगमावर मुठेस भेटावयाचे, पुढे भीमेत शिरून पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घ्यावयाचे आणि कृष्णेबरोबर पूर्वसमुद्रास जावयाचे, ते एका बांधामुळे पाठ फिरवून पश्चिमसमुद्रास जाते. संस्कृतात समुद्रास सरित्पती म्हणतात. एका समुद्रास वाग्दत्त असलेली नदी दुसऱ्यास देण्याचा हा प्रकार कोणत्या स्मृतीत बसतो, ते शास्त्री मंडळींनी सांगावे!

ही सोयरीक सुखासुखी झालेली नाही. टाटा कंपनीने मुळशी पेट्यात धरणाचे काम आरंभिले तेव्हा मावळ्यांनी त्यास विरोध केला. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे अग्रणी, आणि त्यांच्या नावामागे 'सेनापती' हे बिरुद लागले ते याच लढ्यात. १९२४ पर्यंत झुंज चालली. धरण व्हावयाचे ते झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि भाताची खाचरे, घरे, देवळे तलावाच्या तळाशी गेली. इतके बहुतेकांच्या कानावर असते. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, जमीन मावळे कसत असले तरी पेट्यातील पुष्कळशा जमिनीवर हक्क पुण्याच्या सावकारांचा होता. आरंभी सावकार आणि मावळे एका मांडवात बसले. पुढे मोबदल्याची बोलणी मार्गास लागली तसतसे अनेक सावकार बाजूस झाले, आणि 'जान किंवा जमीन' अशी प्रतिज्ञा केलेले मावळे मागे उरले.

या सावकारांत आमचे आजोबा होते. फार मोठे असामी नव्हेत. अकरा एकर भातखाचरे, तीही कर्जाच्या फेडीत आलेली. मोबदल्याच्या रकमेतून आमच्या पुण्याच्या घराची माडी उठली, आणि त्याच माडीवर बसून प्रथम आमच्या वडिलांनी आणि मागाहून आम्ही अमरकोश पाठ केला. आजी हयात होती तोपर्यंत सणावारी पानात भात पडला की, "हा काही आपल्याकडचा आंबेमोहोर नव्हे," असे एकदा म्हटल्यावाचून राहत नसे. घरात मुळशीचा उल्लेख व्हावयाचा तो एवढाच. आजोबांच्या खतावणीत कुळांची नावे सुवाच्य अक्षरात होती. ती माणसे पुढे कोठे गेली, याची नोंद खतावणीत नव्हती.

असो. पहाटे साडेपाचास पुणे सोडले. ताम्हिणीचा रस्ता बराच वेळ मुळशीच्या तलावाच्या कडेकडेने जातो. उजाडण्याच्या सुमारास तेथे पोहोचलो तेव्हा पाण्यावर दाट धुके होते आणि पलीकडचे डोंगर त्यात अर्धे बुडाले होते. गाडी थांबली, चहा झाला, छायाचित्रे झाली. नातवाने विचारले, "आजोबा, आपली शेतं नेमकी कुठे होती?" गावाचे नाव आम्हांस ठाऊक होते, पण समोरच्या त्या एकसारख्या पाण्यात बोट कोठे दाखवावे ते कळेना. आम्ही त्यास 'तिकडे' म्हणून सांगितले आणि गाडीत बसलो.

घाट उतरून विळ्यास आलो आणि तेथून कोलाडच्या रस्त्याने रवाळज्याच्या बाजूस नदीकाठी जाऊन उभे राहिलो. येथे आमचे वय, रक्तदाब आणि छातीचे दुखणे यांची चौकशी झाली. वय ऐकून त्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, पण सौ.नी तोवर तरंगते जाकीट अंगात चढवून शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली आवळलाही होता, तेव्हा नकार देण्याचे धैर्य कोणास झाले नसावे. नदी त्या वेळी अगदी निजलेली होती. मोठमोठे धोंडे उघडे पडलेले आणि मधून गुडघाभर पाणी. थोड्या वेळाने वरून पाणी सुटल्याचा निरोप आला. पाहता पाहता एकेक धोंडा दिसेनासा झाला, पात्राचा आवाज बदलला, आणि मघाची ओहोळासारखी नदी आषाढातल्या नदीसारखी धावू लागली. आकाश निरभ्र, थंडीचे दिवस, आणि समोर पूर! मनास ते काही क्षण पटेना.

एका तराफ्यात आम्ही आठ जण आणि मागे तांडेल. पाय तराफ्याच्या आडव्या फुगीर पट्ट्याखाली घट्ट रोवावयाचे, वल्हे दोन्ही हातांनी धरावयाचे आणि तांडेल सांगेल तसे पुढे वा मागे मारावयाचे, एवढेच शिक्षण. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस पोरे बसवितानाही आमची छाती इतकी धडधडली नव्हती. पहिल्या खळाळात तराफ्याचे तोंड एकदम खाली गेले, समोर पांढरी भिंत उभी राहिली, आणि ती सर्वांच्या अंगावर कोसळली. डोळे उघडले तेव्हा आम्ही जागच्या जागी होतो, मात्र वल्हे उलटे धरलेले होते. सौ. पुढच्या रांगेत बसून मोठमोठ्याने हसत होत्या. लग्नास बेचाळीस वर्षे झाली, पण असे हसणे आम्ही ऐकल्याचे स्मरत नाही. बहुधा घरात त्याजोगे काही घडत नसावे. सुमारे बारा किलोमीटरांच्या त्या वाटेत असे लहानमोठे खळाळ पुष्कळ आहेत. मधल्या शांत डोहांवर दोन्ही काठांची झाडी वाकलेली असते, आणि एखादा खंड्या निळी रेघ ओढल्यासारखा जातो.

अशाच एका डोहात तांडेलाने सर्वांस पाण्यात उतरण्याची परवानगी दिली. जाकिटामुळे माणूस बुडत नाही; उताणे पडावे आणि प्रवाहाबरोबर जावे. पाणी विलक्षण थंड होते. स्नानाचे वेळी नद्यांची नावे घेण्याची आमची जन्माची सवय. ओठ हलले आणि तेथेच अडले. या पाण्यास हाक कोणत्या नावाने मारावयाची? कुंडलिका म्हणावे तर पाणी तिचे नव्हे. मुळा म्हणावे तर ती डोंगरापलीकडे राहिली. तांडेल जवळच्याच गावचा, पंचविशीतला मुलगा होता. आम्ही शिक्षक होतो हे कळल्यापासून तो आम्हांस गुरुजी म्हणू लागला होता. त्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पाणी वरचं, गुरुजी. पण पोट आमचं भरतं त्याच्यावर. हे नसतं तर मी मुंबईला कुठंतरी हमाली केली असती." पुढे डोळवहाळास बंधारा आहे आणि तेथून निघालेल्या कालव्यांवर उन्हाळी भात होतो, हेही त्याने सांगितले. आम्ही नाव न घेताच बुडी मारली.

जेवण एका घरगुती खाणावळीत झाले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, जाडा भात, सोलकढी आणि अलिबागकडचा पांढरा कांदा. बिरड्यासंबंधी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून घ्यावयाचा, हे काम चिकाटीचे आहे आणि ते ज्या घरी अद्याप हाताने होते त्या घरची चव निराळी लागते. वालाचा किंचित कडूपणा राहिला पाहिजे. आमसूल आणि गूळ त्यास झाकण्यासाठी नसतात, सोबतीस असतात.

जेवताना वाद निघाला. जावईबापू विजेच्या क्षेत्रातले अभियंते. त्यांचे म्हणणे असे की, या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालल्या, आगगाड्या धावल्या, लाखो घरांत दिवे लागले, आणि तेही कोळशाचा धूर न काढता. आजही इतकी स्वच्छ वीज दुसऱ्या मार्गाने सहज मिळणार नाही. हे खोडून काढता येत नाही आणि आम्ही ते काढलेही नाही. कन्येने मग सरळच विचारले, "बाबा, तुमच्या आजोबांनी मोबदला घेतला नसता, तर धरण थांबलं असतं का?" थांबले नसते, हे उघड आहे. पण मावळ्यांस तुरुंगात जाताना पुण्याची माणसे आपल्याबरोबर आहेत असे वाटले असते, एवढे आम्ही म्हणालो. जावईबापूंनी त्यावर काही उत्तर केले नाही. सौ.नी त्यांच्या पानात आणखी बिरडे वाढले.

रोहे हे चिंतामणराव देशमुखांच्या घराण्याचे गाव आणि पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे जन्मस्थान, तेव्हा तेथे थांबावयास हवे होते. पण दिवस थोडा होता. रोह्याच्या आसपास रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. सकाळी ज्या नदीत बुडी मारली तिच्यात तेथून पुढे कोणी हात बुडवील असे वाटत नाही. या भागातून आम्ही गाडीच्या काचा वर करून गेलो.

साळावचा पूल ओलांडून रेवदंड्यास उतरलो तेव्हा ऊन कलले होते. येथली वाळू काळसर आणि पायाखाली घट्ट. एका अंगास पोर्तुगीजांच्या कोटाची पडकी भिंत समुद्राला लागून उभी आहे, तर खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. त्या किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीज राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे लोटली तरी ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलतात, हे कळल्यापासून नातू तिकडे जाण्याचा हट्ट धरून बसला. त्यास एका वाडीत शिजत असलेल्या पोपटीने अडविले.

पोपटी हा रायगड जिल्ह्यातला थंडीच्या दिवसांचा मेवा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, रताळी, जाडे मीठ आणि ओवा यांचे थर देतात आणि तोंड पुन्हा भांबुर्डीनेच गच्च बोंदतात. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या आणि काटक्या रचून पेटवून देतात. सामिष मंडळी आत कोंबडी वा अंडी घालतात. आमच्यासाठी वेगळे मडके लावले होते. अर्ध्या तासाने वाडीच्या धन्याने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते चुर्र करून उडाले, तेव्हा 'झाली' म्हणाला. भांबुर्डीचा उग्र सुवास शेंगेच्या दाण्यात उतरलेला असतो. सोलावे आणि खावे, बोटे काळी होतात तिकडे लक्ष देऊ नये.

शेंगा ओंजळीत घेऊन आम्ही खाडीच्या मुखाकडे गेलो. ओहोटी होती आणि नदीचे पाणी समुद्रात शिरताना एक मातकट पट्टा दूरवर दिसत होता. नातू बराच वेळ पाहत होता. "म्हणजे हे पाणी आता पंढरपूरला कधीच जाणार नाही?" त्याने विचारले. जावईबापू म्हणाले, "जाणार नाही कसं? याची वाफ होईल, ज्येष्ठात मोसमी वारा ती घेऊन सह्याद्रीवर आपटेल, आणि पुन्हा मुळशीवर पाऊस पडेल." "आणि मग?" जावईबापू क्षणभर थांबले. "मग पुन्हा बोगदा," ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो.

ज्या वाचकांस जावयाचे असेल त्यांनी पोपटीसाठी पौष-माघ साधावा, शनिवार-रविवारची गर्दी टाळावी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड अधिक न्यावा. पाणी केव्हा सुटणार हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. ती वेळ विजेच्या मागणीवर ठरते, नदीकाठी कोण येऊन उभे आहे यावर नव्हे.