दोन दिवस, तीन सिनेमे

लेक गावातच राहते, तरी माहेरी राहायला येणं होत नाही. परवाच्या शनिवारी मात्र नातवाला घेऊन आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आई, मला बढती मिळतेय. पण वर्षभर बंगळूरला जावं लागेल. सोमवारी उत्तर द्यायचंय."

मी "बरं" म्हटलं आणि कुकर लावायला आत गेले.

जावई बोटीवर नोकरीला. एकदा गेले की सहा-सहा महिने घरी नाहीत. नातू सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत गेलेला. पुढचा प्रश्न सगळ्यांनाच कळला होता, पण तोंड कोण उघडणार? जेवणं झाली, तरी कुणी विषय काढीना. शेवटी यांनी टीव्ही लावला. हल्ली घरबसल्या हवा तो सिनेमा लावता येतो, ही मोठीच सोय. बोलायचं टाळायला तर फारच!

पहिला मान अर्थातच 'अशी ही बनवाबनवी'चा. १९८८ सालच्या या सिनेमाची आमच्या घरी किती पारायणं झाली असतील, मोजदाद नाही. पुढचं वाक्य पाठ असतं, तरी हसू त्याच जागी फुटतं. पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून चार मित्रांपैकी दोघं साड्या नेसून बायका होतात आणि मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. "मूळ 'बीवी और मकान', हृषिकेश मुखर्जींचा," ही माहिती यांनी दरवेळेप्रमाणे याही वेळी दिली. सचिनची सुधा नाजूक, तर लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती म्हणजे साडीतलं वादळ. या धांदलीत सगळ्यांना सांभाळून घेणारा अशोक सराफ मला जास्त आवडतो. नातू तर हसून हसून सोफ्यावरून खाली आला. लक्ष्मीकांत २००४ सालीच गेला, हे त्याला कुठलं ठाऊक? त्याच्या लेखी तो आजच भेटलेला गमतीदार काका.

हसण्याचा भर ओसरल्यावर लेक सहज बोलल्यासारखं म्हणाली, "घरदार सोडून पुण्याला कशाला आलात, असं या मुलांना कुणी विचारतं का गं?"

मी उशा झटकायला उठले.

रविवारी दुपारी यांनी 'श्वास' लावला. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. हे त्या पोराला सांगायचं कुणी? संदीप सावंत यांचा हा सिनेमा २००४ साली सुवर्णकमळ घेऊन आला, तेव्हा 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला तो मान मिळाला म्हणून केवढा आनंद झाला होता! तेव्हा थिएटरात मी मुलासाठी रडले होते. या वेळी माझे डोळे अरुण नलावडेंच्या आजोबांवरच खिळले होते. शस्त्रक्रियेच्या आधी डोळे भरून जग दाखवायला ते नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात. आरडाओरडा नाही, भाषण नाही. एका म्हाताऱ्याला जे सुचलं, ते त्यानं केलं. यांनी दोनदा चष्मा पुसला आणि 'चहा टाक' म्हणाले, तेव्हा आवाज घोगरा होता.

रात्री लेकीनं 'उंबरठा' लावला. मुद्दामच, हे मला कळलं.

शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, तेंडुलकरांच्या पटकथेचा, जब्बार पटेलांचा हा सिनेमा. १९८२ साली आला, तेव्हा मी नवी नवरी होते. सासूबाई आणि मी दोघीच गेलो होतो. चांगल्या घरची, शिकलेली सुलभा लहान मुलीला जावेजवळ ठेवून दूरच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथल्या चालकांशी झगडून, थकून परत येते, तोवर मुलगी काकूची झालेली असते आणि नवराही दुसरीत गुंतलेला. सुलभा पुन्हा घर सोडते. परतताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोर टाकून जाते, ती कसली आई!" मी मान डोलावली होती.

स्मिता पाटील १९८६ साली गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. पडद्यावरचा तो चेहरा तसाच राहिला, आम्ही मात्र म्हाताऱ्या झालो. तेव्हा मला सुलभाचा राग आला होता. आता दिसलं, ती काही जिंकत नाही. सिनेमा तिची बाजू घेतो, पण तिनं काय गमावलं तेही लपवत नाही. आईजवळ यायला बिचकणारी ती मुलगी पाहून आजही पोटात कालवलं.

सिनेमा संपला. नातू माझ्या मांडीवर झोपलेला. आणि काय झालं कोण जाणे, आजवर लेकीला न सांगितलेलं मी बोलून गेले. "१९८७ साली मलाही बढती आली होती. जळगावला बदली. तू दोन वर्षांची होतीस. मी नकार लिहून दिला."

"कुणी नको म्हटलं?"

"कुणीच नाही. पण जा असंही कुणी म्हटलं नाही."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "मी वाट पाहत होते, तू विचारशील म्हणून. विचारलं असतंस, तर पोरीला मी सांभाळलं असतं. तू विचारलंच नाहीस."

"आई, तुम्ही त्या दिवशी थिएटरातून येताना..."

"हो, म्हटलं होतं. सिनेमातल्या बाईला म्हटलं होतं गं, तुला नव्हे."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. एका वाक्याची समजूत करून घेऊन मी इतकी वर्षं काढली होती. आता दोष कुणाला द्यायचा?

तेव्हा हे खाकरले. "दुपारच्या सिनेमातला म्हातारा नातवाला सांभाळतोच की. मला डबा भरता येत नाही, पण शाळेत नेता-आणता येतं."

"डबा मी भरीन," मी म्हटलं.

सोमवारी लेकीनं होकार कळवला. दिवाळीनंतर निघायचंय. दर महिन्याला दोन दिवस यायचं, रोज रात्री पोराशी बोलायचं, असं ठरलंय. माझी धाकधूक संपलेली नाही. सिनेमातल्या त्या मुलीचा चेहरा मधूनच आठवतो.

पण एक गोष्ट त्याहून जास्त आठवते. जावई बोटीवर निघतात, तेव्हा दरवेळी मीच त्यांच्या हातावर दही घालते. पोराला सोडून कुठे निघालात, असं मी त्यांना एकदाही विचारलेलं नाही. लेक निघेल, त्याच्या आदल्या रात्रीही मी आठवणीनं विरजण लावणार आहे. दही घालताना डोळ्यांत पाणी येईलच. तेवढं चालायचं!