दुपारी उमलणारी फुलं

नणंदेने वायनाडहून पॅशन फ्रूटचं एक पिवळं फळ आणलं होतं. गर धुऊन त्याच्या बिया मी जूनमध्ये कुंडीत टाकल्या. सात रोपं उगवली. चिपळूणच्या आमच्या परसात एकापुरतीच जागा होती, म्हणून एक विहिरीजवळ लावलं आणि सहा वाटून टाकली. तिथेच माझं चुकलं होतं, पण ते कळायला पुढचा उन्हाळा यावा लागला.

वेल मात्र झपाट्याने वाढली. तिचा तणावा सकाळी तारेला नुसता टेकलेला असायचा, संध्याकाळी बघावं तर दोन वेढे घालून बसलेला. वर्षाच्या आत मांडव झाकला गेला. मार्चमध्ये एका दुपारी पहिलं फूल उमललं. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर नागमोडी तंतूंची झालर, मुळाशी जांभळी नि टोकाला पांढरी. सासूबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं कृष्णकमळ!" त्यांचं बरोबरच होतं, दोन्ही एकाच कुळातली. त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं: झालर म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पांडव, वरच्या तीन काड्या ब्रह्मा-विष्णू-महेश. दक्षिण अमेरिकेत हे फूल पाहिलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना याच झालरीत येशूचा काटेरी मुकुट दिसला होता आणि याच तीन काड्यांत क्रुसाचे खिळे. फळाच्या नावातलं 'पॅशन' ते तिथलं, येशूच्या यातनांचं.

पिवळ्या जातीची फुलं दुपारी बाराच्या सुमारास उमलतात आणि रात्री मिटतात. सकाळच्या पूजेला ती मिळत नाहीत, म्हणून सासूबाई दिवेलागणीला दोन-तीन तोडून देवापुढे ठेवायच्या. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण तोडलेलं फूल म्हणजे गेलेलं फळ. पण न तोडलेल्यांचं तरी काय होत होतं? दोन-तीन दिवसांत देठासकट गळून खाली पडायची. अख्खा मार्च-एप्रिल असाच गेला. मी आळं मोठं केलं, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली. पानं हिरवीगार झाली, फळ एकही नाही.

शेती शिकलेला भाचा मे महिन्यात आंबे खायला आला, त्याने विचारलं, "मामी, वेल एकच आहे का?" जांभळ्या जातीला स्वतःचा पराग चालतो, पिवळीला चालत नाही. तिला दुसऱ्या वेलीचा लागतो.

वाटलेल्या सहांपैकी एक रोप पलीकडच्या आळीतल्या काकूंकडे जगलं होतं आणि त्यांचीही हीच रड होती. त्या फुलं द्यायला तयार झाल्या, पण तोवर पाऊस लागला. या फुलाचा पराग पाण्याने फुटून जातो, त्यामुळे चिपळूणच्या पावसात काही करण्यात अर्थ नव्हता. ते चार महिने मी एवढंच पाहिलं, की आळ्यात पाणी साचू नये. मुळं वरवर असतात, पाण्यात राहिली की कुजतात. बुंध्याशी मातीचा उंचवटा केला आणि चर काढून पाणी माडाकडे वळवलं.

ऑक्टोबरात पुन्हा कळ्या आल्या. रोज जेवणं आटोपली की काकूंकडून डबीत दोन फुलं आणायची. त्यांचा पिवळा पराग बोटाला लावून आमच्या फुलांच्या तीन काड्यांच्या टोकांना हलकेच पुसायचा. करताना एक गोष्ट ध्यानात आली. फूल उमलतं तेव्हा या काड्या सरळ वर असतात, नंतर तासाभरात हळूहळू खाली वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. काही फुलांत त्या वाकतच नाहीत. त्या फुलांना कितीही पराग लावा, फळ धरत नाही.

हे काम खरं तर लाकूड कोरणाऱ्या काळ्या भुंग्याचं. मधमाशी लहान पडते, ती खालून पराग घेऊन निघून जाते. भुंगा मधासाठी झालरीवर फिरतो तेव्हा त्याची पाठ वर घासते. गोठ्याचे जुने वासे आम्ही जळणाला काढणार होतो. त्यांना बोट जाईल एवढी भोकं दिसली आणि आतून गुणगुण ऐकू आली. ते वासे आता मांडवाशेजारीच ठेवलेत.

काटेरी सुरवंटही आले. पहिल्या वर्षी मी ते चिरडले, याचा मला अजून सल आहे. काळ्या ठिपक्यांची नारिंगी फुलपाखरं त्यांचीच होतात आणि मोठ्या वेलीला थोडी पानं गेल्याने काही होत नाही.

धरलेलं फळ पंधरवड्यात लिंबाहून मोठं झालं आणि मग दोन महिने तसंच हिरवं राहिलं. डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे धप्प आवाज झाला. हे फळ तोडायचं नसतं, पिकलं की आपण होऊन पडतं. सासूबाईंनी ते उचलून देवापुढे ठेवलं. चार-पाच दिवसांनी साल सुरकुतली तेव्हा कापलं. केशरी रस, काळ्या बिया, आंबट-गोड वास घरभर. सासूबाईंनी साखर घालून चमच्याने खाल्लं.

काड्यांची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली. आता दिवेलागणीला त्या चष्मा लावून मांडवाखाली उभ्या राहतात आणि फूल न् फूल निरखतात. काड्या वर राहिल्या असतील तर फूल देवाला, वाकल्या असतील तर वेलीवर.